स्तनाच्या कर्करोगाचा धोका आणि आपले रोजचे ताट

दरवर्षी ४ फेब्रुवारी हा दिवस जगभर 'जागतिक कर्करोग दिन' म्हणून पाळला जातो आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, ख्रिस्तसभा संत आगाथा हिचे स्मरण करते. तिसऱ्या शतकात सिसिली बेटावरील कतानिया या शहरात ही कुमारी हुतात्मा झाली. छळ करणाऱ्यांनी तिचे स्तन कापले, असे परंपरा सांगते. म्हणूनच स्तनाच्या आजाराने पीडित असलेल्या स्त्रिया शतकानुशतके तिच्या मध्यस्थीची याचना करीत आल्या आहेत. हे दोन दिवस शेजारी शेजारी यावेत हा केवळ योगायोग होय. तथापि, ज्या आजाराचे नाव आपल्या घरांतून अद्यापही दबक्या आवाजात घेतले जाते, त्याविषयी मोकळेपणाने बोलण्यास ही संधी योग्य आहे, असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वी आम्ही शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या एका भगिनीस भेटावयास गेलो होतो. खोलीत चार-पाच नातेवाईक बसले होते. ती म्हणाली, "फादर, आयुष्यभर घरचेच जेवले. वाडीतली भाजी, ताजी मासळी, दुसरे काही नाही. मग माझे चुकले कुठे?" आम्ही काही बोलण्याआधीच एक काकी म्हणाल्या, "फ्रिजमधले शिळे खाऊन होते हे." दुसऱ्या म्हणाल्या, "धाकट्याला अंगावर कमी पाजलेस ना!" त्या माउलीने मान खाली घातली. आजाराचे दुःख थोडे होते म्हणून की काय, त्यात अपराधीपणाची भर पडली.

तिच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. आहाराचा या रोगाशी संबंध आहे काय? आहे. तो किती आहे? लोक समजतात त्याहून कमी, पण दुर्लक्ष करावे इतका कमी नाही. आणि आहाराने जे साधत नाही ते कशाने साधते? या तिन्ही गोष्टी आपण क्रमाने पाहू.

आजाराचे स्वरूप

स्तनामध्ये दूध निर्माण करणाऱ्या ग्रंथी आणि ते दूध बोंडापर्यंत वाहून नेणाऱ्या बारीक नलिका असतात. त्यांच्या आतील अस्तराच्या पेशी शरीराचा ताबा झुगारून बेसुमार वाढू लागतात तेव्हा कर्करोगाचा आरंभ होतो. ही वाढ बहुधा अनेक वर्षे मूकपणे चालू असते. पुढे तिची गाठ होते, आणि वेळीच उपचार न झाल्यास त्या पेशी काखेतील लसिकाग्रंथींत व तेथून हाडे, फुप्फुस, यकृत आदी अवयवांत पोहोचतात.

जगात २०२२ या एका वर्षात सुमारे २३ लाख स्त्रियांना या रोगाचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्याच वर्षी भारतातील नव्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाख ९२ हजार, तर मृत्यूंची सुमारे ९८ हजार अशी अंदाजण्यात आली. भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत आज याचाच क्रमांक पहिला आहे. पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत आपल्याकडे तो सरासरीने सुमारे दहा वर्षे आधीच गाठतो, म्हणजे घरात शाळकरी मुले असताना. पुरुषांनाही तो होऊ शकतो, मात्र शंभर रुग्णांत त्यांचे प्रमाण एक किंवा त्याहूनही कमी असते.

जे आपल्या हाती नाही

'धोका वाढविणारा घटक' या शब्दप्रयोगाचा अर्थ प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. धोका वाढविणारा घटक म्हणजे रोगाचे कारण नव्हे. ज्यांच्या ठायी असे अनेक घटक आहेत अशा कित्येक स्त्रिया निरोगी राहतात. उलट जागतिक आरोग्य संघटना सांगते की, सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये स्त्री असणे व वय वाढणे यांखेरीज धोक्याचा दुसरा कोणताही ठळक घटक आढळत नाही.

शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा स्तनाच्या पेशींशी निकटचा संबंध आहे. ज्या स्त्रीची पाळी लवकर सुरू होते आणि उशिरा थांबते, तिच्या पेशी या संप्रेरकाच्या प्रभावाखाली अधिक काळ राहतात. साहजिकच तिचा धोका किंचित वाढतो. मूल न होणे किंवा पहिले बाळंतपण तिशीनंतर होणे यांमुळेही थोडा फरक पडतो.

या ज्ञानाच्या इतिहासात धर्मभगिनींना एक स्थान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचे जनक मानले गेलेले इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच असे नोंदवून ठेवले होते की, मठवासी भगिनींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. संप्रेरक हा शब्दही तेव्हा जन्मास आला नव्हता. पुढे १९२६ साली इंग्लंडमधील डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांनी ५०० रुग्ण स्त्रियांची ५०० निरोगी स्त्रियांशी तुलना केली. अपत्यांची संख्या, लग्नाचे वय आणि स्तनपान यांचा या रोगाशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. आज आपल्याला त्यामागील कारण कळते. गर्भारपण व स्तनपान यांच्या काळात पाळीचे चक्र थांबते. ज्यांच्या आयुष्यात हे विराम येत नाहीत त्यांच्या स्तनपेशींना संप्रेरकांचे अधिक चढउतार सोसावे लागतात. म्हणून आमच्या धर्मभगिनींनी आणि अविवाहित वा अपत्यहीन स्त्रियांनी तपासणीच्या बाबतीत अधिक दक्ष असावे. त्यांच्या आरोग्याची विचारपूस करणारे घरात कोणी नसते, हे तर आणखी एक कारण होय.

आनुवंशिकतेची भीती पुष्कळांना असते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकतो व तो असलेल्या स्त्रीचा धोका बराच मोठा असतो. तथापि, एकूण रुग्णांपैकी सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांतच रोगाचे मूळ आनुवंशिक दोषात सापडते. आई, बहीण, मावशी, आत्या अशा जवळच्या नात्यांत एकाहून अधिक जणींना हा रोग झाला असेल, कमी वयात झाला असेल किंवा घराण्यात बीजांडकोशाचा कर्करोगही असेल, तर तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. एखाद्या घरात असा रुग्ण आहे म्हणून त्या घरच्या मुलीचे लग्न अडवून धरणे हे मात्र अज्ञान आहे आणि अन्यायही आहे.

जे आपल्या हाती आहे

वय, जन्म आणि जनुके बदलता येत नाहीत, पण जीवनशैली बदलता येते. आशिया खंडातून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या जपानी, चिनी व फिलिपिनो कुटुंबांच्या अभ्यासांनी हे दाखवून दिले. मायदेशी या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होते. नव्या देशात राहिल्याने ते वाढत गेले आणि पुढच्या पिढ्यांत तेथील स्त्रियांच्या जवळ पोहोचले. दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलले ते राहणीमान. हा धडा आपल्यालाही लागू पडतो, कारण आपल्या आजीचे जीवन आणि नातीचे जीवन यांत आज दोन देशांइतके अंतर पडले आहे. आजी विहिरीचे पाणी ओढीत होती, वाडीत खपत होती, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठत होती. नात गाडीने कचेरीत जाते, आठ तास खुर्चीत बसते आणि घरी परतताना फरसाणाचे पुडके घेऊन येते.

१. वजन. आहार आणि हा रोग यांना जोडणारा सर्वांत बळकट दुवा कोणत्याही एका पदार्थात नसून शरीराच्या वजनात आहे. पाळी थांबल्यानंतर बीजांडकोशातून इस्ट्रोजेन येणे जवळजवळ बंद होते, परंतु शरीरातील चरबी ते तयार करीतच राहते. चरबी जितकी अधिक, तितके इस्ट्रोजेन अधिक. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर स्थूल स्त्रियांचा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसतो. तरुण वयात हे नाते इतके सरळ नसते, पण त्या वयातील वाढलेले वजन बहुधा पुढेही टिकून राहते. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा स्थूल होत्या. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञ सांगतात. शिवणकामाच्या फितीने हे माप घरीच घेता येते.

२. मद्य. हा मुद्दा काहींना रुचणार नाही, पण तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मद्य हा मनुष्यात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले होते. स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आता निर्विवाद मानला जातो. दररोज सुमारे १० ग्रॅम मद्यार्क पोटात गेल्यास स्त्रीचा धोका साधारणपणे ७ टक्क्यांनी वाढतो, आणि प्रमाण वाढेल तसा तो आणखी वाढतो. व्हिस्की किंवा रमचा ३० मिलिलिटरचा एक पेग म्हणजे जवळपास १० ग्रॅम मद्यार्क होय. वाइन सौम्य म्हणून निरुपद्रवी, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. धोका मद्यार्कात असतो, पेयाच्या नावात किंवा किमतीत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की, आरोग्यास सुरक्षित म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. आमच्या लग्नघरांत, बारशांत आणि सणांत पेला पुढे करणे हा पाहुणचार समजला जातो, आणि अलीकडे तरुण मुलींनाही आग्रह होतो. 'नको' म्हणणाऱ्या मुलीची थट्टा न करणे, एवढे तरी यजमानांनी पाळावे.

३. भाजी, फळे, कडधान्ये. दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बटाट्यासारखी कंदमुळे यात धरली जात नाहीत. स्तनाच्या कर्करोगापुरते बोलायचे तर भाज्यांविषयीचा पुरावा वजन वा मद्याइतका भक्कम नाही, पण तो अनुकूल आहे. गाजर, भोपळा, पपई, आंबा यांसारख्या केशरी फळभाज्या आणि मेथी, माठ, शेवग्याचा पाला यांसारख्या पालेभाज्या यांत कॅरोटिनॉइड नावाची द्रव्ये असतात. ज्यांच्या रक्तात ती अधिक आढळली त्या स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण कमी दिसले. तद्वतच ज्यांच्या आहारात, विशेषतः कुमारवयात, तंतुमय पदार्थ अधिक होते त्यांचाही धोका थोडा कमी आढळला. तंतुमय पदार्थ औषधाच्या दुकानातून विकत आणावे लागत नाहीत. नाचणीची व ज्वारीची भाकरी, वाल, चवळी, मूग, मटकी, हातसडीचा तांदूळ, सालीसकट पेरू यांत ते विपुल असतात. मुलीच्या डब्यात काय असते, हा प्रश्न म्हणूनच तिच्या पन्नाशीचाही प्रश्न आहे.

४. तेल, तूप, मांस, गोड. एखाद्या विशिष्ट तेलाने स्तनाचा कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. पण तळलेले पदार्थ, बेकरीचा माल, शीतपेये आणि मिठाई यांतून थोड्या घासांत पुष्कळ उष्मांक पोटात जातात व वजन वाढते. साखर दिवसाला पाच-सहा चमच्यांपुरती ठेवता आली तर उत्तम, आणि त्यात चहातील साखरही मोजावी. सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगास कारण ठरते, असे २०१५ साली जाहीर झाले. स्तनाच्या कर्करोगाविषयी तितका ठाम निष्कर्ष नाही, तरीही ते नित्याचे अन्न होऊ नये. इंद्याल सणाला शोभते. दर रविवारी व मधल्या वारीही ते ताटात आले तर सण आणि सवय यांत फरक उरत नाही. मासळीविषयी चिंता नसावी. मात्र ती नेहमी तळूनच खाण्याऐवजी कालवणात अधिक वेळा खावी.

५. हालचाल. आठवड्यातून किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, दम किंचित वाढेल अशा गतीने चालल्याने धोका कमी होतो, आणि तो केवळ वजन उतरल्यामुळे नव्हे. "घरची कामे म्हणजे व्यायामच की," असे भगिनी म्हणतात. घरकामात शरीर थकते हे खरे, पण सलग चालण्याचा लाभ त्यातून क्वचितच मिळतो.

६. स्तनपान. ३० देशांतील ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार बाळाला अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे स्त्रीचा धोका ४.३ टक्क्यांनी, तर प्रत्येक बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी कमी होतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत वा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी शिफारस आहे. परंतु हे आकडेच सांगतात की, आरंभी उल्लेखिलेल्या काकींचे बोलणे किती अन्यायाचे होते. काही महिने कमी पाजल्याने पडणारा फरक अगदी लहान असतो. तो धरून एखाद्या आईला दोषी ठरविता येत नाही.

याशिवाय, पाळी थांबल्यानंतरच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीविना वर्षानुवर्षे घेऊ नयेत. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळल्यावर अमेरिकेतील एक मोठी चाचणी २००२ साली मुदतीपूर्वी थांबवावी लागली होती.

आहाराने किती साधते?

हे तपासण्याचा एक फार मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. रजोनिवृत्ती झालेल्या ४८,८३५ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला स्निग्ध पदार्थ कमी करून भाज्या, फळे व धान्ये वाढविण्यास शिकविले गेले, दुसरा गट आपल्या नेहमीच्या आहारावर राहिला. सुमारे आठ वर्षांनंतर, २००६ साली, निष्कर्ष जाहीर झाला. पहिल्या गटात स्तनाचा कर्करोग ९ टक्क्यांनी कमी आढळला होता, परंतु हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निश्चित म्हणता येण्याजोगा नव्हता. पुष्कळांची निराशा झाली. तथापि, त्याच स्त्रियांचा मागोवा जवळपास वीस वर्षे घेतल्यावर दिसून आले की, पहिल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते.

यावरून काय शिकावे? आहार हे कवच नव्हे. तो धोक्याचे पारडे थोडे हलके करतो, आणि तेही अनेक वर्षांच्या सवयीने, चार दिवसांच्या पथ्याने नव्हे. पण हेच ताट मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांनाही दूर ठेवते. एका ताटाने इतके साधत असेल तर ते बदलणे निश्चितच हिताचे आहे.

काही गैरसमज

हळद, गव्हांकुराचा रस, कडू कारले किंवा एखादे आयात केलेले फळ यांनी कर्करोग बरा होतो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. हळद स्वयंपाकात जरूर असावी, परंतु ती स्तनातील गाठ विरघळविते याला पुरावा नाही. साखर पूर्ण बंद केल्याने कर्करोगाच्या पेशी उपाशी मरतात, हाही भ्रम होय. शरीर भातापासून, डाळीपासून, गरज पडल्यास स्वतःच्या स्नायूंपासूनही साखर बनविते. सोयाबीन खाल्ल्याने हा रोग होतो, ही भीतीही निराधार ठरली आहे. घट्ट किंवा काळी अंतर्वस्त्रे, छातीला लागलेला मार, रुग्णाचे उष्टे खाणे यांमुळे हा रोग होत नाही. तो संसर्गजन्य नाही. रुग्ण स्त्रीचे ताट-पेला वेगळा ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आणखी एक गोष्ट धर्मगुरू या नात्याने सांगणे आमचे कर्तव्य आहे. उपवासकाळ आला की केमोथेरपी घेत असलेल्या काही भगिनीही उपवासाचा हट्ट धरतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल पडेपर्यंत असते आणि आजारी व्यक्तींवर ते लादलेले नाही. उपचार चालू असताना शरीराला प्रथिनांची, म्हणजे डाळ, अंडी, मासे, दूध यांची अधिक गरज असते. अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेले दोन घास नेमाने खाणे हीच त्या भगिनीची तपश्चर्या समजावी.

जे ताटाने होत नाही, ते हाताने व डोळ्यांनी होते

आता त्या माउलीच्या कथेचा उरलेला भाग सांगतो. नातेवाईक उठून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "फादर, गाठ हाताला लागून सात महिने झाले होते. दुखत नव्हती म्हणून गप्प राहिले. मुलीची बारावी होती. आणि दाखवायचे तरी कोणाला?" तिचे चुकले कुठे, या प्रश्नाचे उत्तर तिच्या ताटात नव्हते. ते या सात महिन्यांत होते. आणि ती चूकही तिची एकटीची नव्हती. ज्या घरात स्त्रीने आपल्या दुखण्याविषयी बोलणे निर्लज्जपणाचे समजले जाते, त्या घराचाही तीत वाटा होता.

न दुखणारी गाठ हीच अधिक संशयास्पद असते, हे प्रत्येक स्त्रीने ध्यानी धरावे. स्तनात किंवा काखेत गाठ अथवा जाडसरपणा, त्वचेवर खळी पडणे वा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त वा पाणी येणे, बोंडाभोवती न भरणारी जखम, एका स्तनाच्या आकारात अचानक झालेला बदल ही लक्षणे दिसताच विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ती कोणती आहे, हे मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला तुकडा यांवरूनच ठरते, शेजारणीच्या अनुभवावरून नव्हे. सुई लावल्याने रोग पसरतो या भीतीने तपासणी लांबविणाऱ्यांनी आश्वस्त असावे की, ही तपासणी सुरक्षित आहे.

तपासणीचे महत्त्व सिद्ध करणारा एक अत्यंत मोलाचा अभ्यास आपल्या मुंबईतच झाला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वीस वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना त्यात सामील करून घेतले. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. महागडे यंत्र वापरले नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणून तरुण स्त्रियांनी कोणताही बदल जाणवताच स्वतःहून पुढे येणे अधिकच आवश्यक ठरते.

शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तन, गर्भाशयमुख व तोंड यांच्या कर्करोगासाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, अशी योजना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची चौकशी करता येते. पण २०१९-२१ च्या पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी स्तनतपासणी कधीतरी करून घेतलेल्या स्त्रिया एक टक्काही नव्हत्या. निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण श्रीमंत देशांत ९० टक्क्यांहून अधिक, तर भारतात सुमारे ६६ टक्के आहे. या दोन आकड्यांमधील दरीत अशा कित्येक माता-भगिनी आहेत, ज्यांचा रोग वेळेवर कळला असता तर त्या आज आपल्यात असत्या.

धर्मग्रामात काय करता येईल?

महिला मंडळांनी वर्षातून एकदा स्त्री डॉक्टरांना बोलावून तपासणी शिबिर भरवावे, आणि त्याची सूचना संकोच न करता रविवारच्या घोषणांत द्यावी. कॉन्व्हेंटमधील धर्मभगिनींची तपासणी विसरली जाऊ नये. सणाच्या जेवणात एक कोशिंबीर व एक कडधान्याची भाजी वाढवावी. लग्नघरी सरबताचा पेलाही तितक्याच मानाने पुढे करावा. पतीने पत्नीस, मुलाने आईस निदान एकदा विचारावे, "तुझी तपासणी झाली का?" पुष्कळ स्त्रिया केवळ कोणी विचारले नाही म्हणून जात नाहीत.

आणि कोणी भगिनी आजारी पडलीच, तर तिच्या उशाशी बसून तिने काय खाल्ले, काय खाल्ले नाही याची चौकशी करू नये. तिला दवाखान्यात सोबत लागते, मुलांच्या डब्याची चिंता असते, उपचारांचा खर्च असतो. त्यांपैकी जे आपल्या हातून होईल ते करावे. ज्या माउलीची कथा आम्ही सांगितली, ती उपचार पूर्ण करून आज आपल्या वाडीत पुन्हा भाजी लावते. गेल्या वर्षीच्या शिबिरात सर्वांत आधी येऊन रांगेत उभी राहिली ती तीच. तिच्यासोबत तिची मुलगी होती आणि त्या दोन्ही काकीही होत्या.